माशाच्या पोटात चरबी, शेतकऱ्याच्या खिशाला कात्री

मुळशीच्या तळ्यांत कोंडा, पेंड आणि हॉटेलचे शिळेपाके. मासा फुगतो, पण भरत नाही

मुळशी तालुका म्हटला की पाऊस, भात आणि धरण या तीन गोष्टी आधी आठवतात. धरणाची कहाणी घरोघर ठाऊक आहे. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला, तरी जमिनी पाण्याखाली गेल्याच आणि मुळेचे पाणी भिऱ्याला वीज करायला गेले. पाण्याने मुळशीकराकडून बरेच काही घेतले. आता त्याच पाण्यातून चार पैसे परत मिळवण्याचा मार्ग म्हणून कोणी शेततळ्यात, कोणी गावतळ्यात तर कोणी पाझर तलावात मासे सोडतो. कटला, रोहू, मृगळ, सोबत थोडे सायप्रिनस आणि गवत्या. पाणी आहे, पुण्यासारखी बाजारपेठ हाकेच्या अंतरावर आहे, मग धंदा का जमू नये?

जमतो, पण बऱ्याच ठिकाणी एक गोष्ट आडवी येते. मासा वर्षभर खातो, पोट टम्म दिसते, आणि विकायला काढला की पाठीला मांस कमी. पोट फाडले की आतड्याभोवती पांढऱ्या-पिवळ्या चरबीचे लगदे निघतात. जाळे ओढले की निम्मे मासे टोपलीतच माना टाकतात. शेतकरी म्हणतो, "बीज खराब निघालं." कधी बीज खराब असतेही. पण त्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा. आपण माशाला काय खाऊ घालतो, आणि त्यात तेल किती आहे?

गुरामागे पेंड वाढवली की दूध वाढते, बैल अंगाने भरतो, हे आपण पिढ्यान् पिढ्या पाहत आलो. तोच हिशेब आपण माशाला लावतो. इथेच चूक होते. मासा म्हणजे गाय नव्हे.

माशाला तेल किती लागते?

तेल माशाला लागतेच. त्यातून ताकद मिळते. एक ग्रॅम प्रथिनातून साधारण ४ किलोकॅलरी मिळतात, तर एक ग्रॅम तेलातून ९. खाद्यात थोडे तेल असले की मासा ताकदीसाठी तेल जाळतो आणि महागाची प्रथिने अंग वाढवायला वापरतो. म्हणून तेल पूर्ण काढून टाका, असे कोणी सांगत नाही.

प्रश्न प्रमाणाचा आहे. आपल्या रोहू-कटल्याला वाढीच्या काळात खाद्यात साधारण ४ ते ६ टक्के तेल पुरते. ८ टक्क्यांच्या वर गेले की फायदा जवळपास थांबतो आणि चरबी साठायला लागते. विकतच्या तरंगत्या खाद्याच्या गोणीवर २८/४ किंवा २८/५ असे आकडे छापलेले असतात. पहिला आकडा प्रथिनांचा, दुसरा तेलाचा. गोणी घेताना भाव सगळेच विचारतात, हा दुसरा आकडा फार थोडे लोक बघतात.

आता कोणी म्हणेल, नॉर्वेत सालमन माशाला ३० टक्क्यांहून अधिक तेलाचे खाद्य देतात, मग आपल्याला काय झाले? फरक जातीचा आणि पाण्याचा आहे. सालमन हा थंड पाण्यातला शिकारी मासा आहे. दुसरे मासे खाऊन जगणे हाच त्याचा स्वभाव, तेल पचवायला त्याचे शरीर तयार आहे. आपला रोहू पाण्यातले शेवाळ आणि कुजके पदार्थ खाणारा, कटला पाण्यावरचे सूक्ष्म जीव गाळून खाणारा, मृगळ तळाचा चिखल चाळणारा, आणि गवत्या तर नावाप्रमाणे गवत खाणारा. यांना तेलाचा मारा सोसत नाही. चीनमध्ये गवत्या माशाची शेती अफाट प्रमाणावर चालते. तिथे जास्त ताकदीचे खाद्य मिळालेल्या गवत्याच्या यकृतात चरबी चढणे ही नेहमीची डोकेदुखी होऊन बसली आहे.

सूत्र जुनेच, कोंडा बदलला

मत्स्यशेतीच्या पत्रकांत वर्षानुवर्षे एक सूत्र छापले जाते: शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा, समसमान. सूत्र सोपे आहे, लक्षात राहते, आणि मुळशीत तर कोंड्याला तोटा नाही. पण आता जरा हिशेब मांडून बघू.

पूर्वी गावोगाव हलरवर भात भरडले जायचे. हलरच्या कोंड्यात तूस मिसळलेला असायचा, त्यामुळे त्यात तेल बरेच कमी. आताच्या रबर रोलच्या गिरणीत तूस आधीच वेगळा निघतो आणि पॉलिशचा पिवळसर, मऊ, निव्वळ कोंडा हाती येतो. त्यात तेल १२ ते १८ टक्के असते. खायचे राइस ब्रान तेल काढतात ते याच कोंड्यातून.

धरा, कोंड्यात १५ टक्के तेल आहे आणि घाण्याच्या पेंडीत ८ टक्के. समसमान मिसळले तर मिश्रणात साडेअकरा टक्के तेल झाले. म्हणजे माशाच्या गरजेच्या दुप्पट. आता हाच कोंडा तेल काढलेला घ्या, ज्याला व्यापारी डीओआरबी म्हणतात. त्यात तेल जेमतेम एक टक्का. तो घाण्याच्या पेंडीत समसमान मिसळला की तेल साडेचार टक्के, अगदी हवे तेवढे. म्हणजे सूत्र तेच राहिले, पण कोंडा बदलला की सगळा हिशेब बदलतो. आंध्रातले मोठे मत्स्यशेतकरी तेल काढलेलाच कोंडा मोठ्या प्रमाणात वापरतात. भोके पाडलेल्या पिशव्यांत भरून तो बांबूला बांधून पाण्यात सोडतात. मासा येऊन पिशवी चोखतो, वाया फारसे जात नाही.

मातीच्या तळ्यात कोंड्याचा काही भाग तळाशी जाऊन खत होतो, त्यावर किडेमुंग्या आणि शेवाळ वाढते, ते मासा खातो. त्यामुळे तिथे चूक काही अंशी झाकली जाते. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात चिखलच नाही. तिथला मासा सर्वस्वी तुमच्या हातच्या खाद्यावर जगतो. २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' योजना आली, ठिकठिकाणी शेततळी वाढली. ज्यांनी अशा तळ्यात कागद अंथरून मासे सोडले, त्यांनी हा मुद्दा दोनदा वाचावा.

जास्त तेलापेक्षा खवट तेल वाईट

दिवाळीच्या सुमारास मुळशीत भात झोडून होते. इंद्रायणी, आंबेमोहर गिरणीवर जातो आणि कोंड्याची पोती घरात येतात. नेमकी तेव्हाच थंडी सुरू होते. मासा हा थंड रक्ताचा प्राणी. पाणी गार पडले की त्याची भूक मरते, पचन मंदावते. कोंडा भरपूर आणि खाणारा सुस्त, असा हा उलटा मेळ आहे. काही जण तरीही रोजची पाटी टाकत राहतात. काही जण पोती कोपऱ्यात रचून ठेवतात आणि उन्हाळ्यात, किंवा त्याहून वाईट म्हणजे आषाढाच्या दमट हवेत, ती उघडतात.

कोंड्याचा एक गुणधर्म माहीत असू द्या. तांदूळ सडताना कोंड्यातले एक पाचक द्रव्य मोकळे होते आणि ते त्याच दिवसापासून कोंड्यातले तेल फोडायला लागते. हवा दमट असली की हे काम आणखी झपाट्याने होते. मग हवेतल्या प्राणवायूने तेल खवट होते. पोते उघडल्याबरोबर नाकाला झोंबणारा, जुन्या तेलाच्या डब्यासारखा वास येतो, तो याचाच.

खवट तेल माशाच्या शरीरातले 'ई' जीवनसत्त्व खाऊन टाकते. यकृत बिघडते, स्नायू झिजतात, तांबड्या पेशी कमी होऊन कल्ले फिके पडतात. याचा धडा जपानने १९६०च्या दशकात घेतला. तिथे रेशमाच्या किड्यांचे वाळवलेले कोष सायप्रिनस माशाला घालायची पद्धत होती. या कोषांत तेल भरपूर, आणि साठवणीत ते खवट व्हायचे. मासे खाऊनपिऊन पाठीला खंगायला लागले. पाठीचे मांस इतके आटायचे की डोके मोठे आणि पाठ सुरीसारखी दिसायची. जपान्यांनी या रोगाला नावच दिले 'सेकोके', म्हणजे पाठ वाळणे. अशा काही माशांत मधुमेहासारखी लक्षणेही आढळली. शोध घेतल्यावर कळले की दोष खवट तेलाचा आहे, आणि खाद्यात 'ई' जीवनसत्त्व घातले की हा रोग टाळता येतो. हाच सायप्रिनस आज आपल्या तळ्यात आहे, म्हणून ही दूरची गोष्ट सांगितली.

खवट कोंड्याला ऊन दाखवून काही होत नाही. तेल एकदा बिघडले की बिघडले. तो कोंडा खतात टाका, तळ्यात नको.

हॉटेलचे शिळेपाके आणि कोंबडीची कातडी

पिरंगुटची कारखानदारी, हिंजवडीची आयटी कंपन्यांची वस्ती, ताम्हिणीकडे शनिवार-रविवारी लोटणारे पर्यटक, यामुळे तालुक्यात हॉटेले, ढाबे, खानावळी वाढल्या. त्यांचे उरलेले अन्न फुकट मिळते. चिकनच्या दुकानातली कातडी आणि आतडीही फुकट. मग काही जण ड्रम भरून आणतात आणि तळ्यात ओततात. खाद्यावर मत्स्यशेतीतला निम्म्याहून अधिक खर्च होतो, त्यामुळे फुकटचा मोह पडतो, हे समजण्यासारखे आहे.

पण कोंबडीच्या कच्च्या कातडीत तेल सुमारे ३० टक्के असते. हॉटेलच्या रश्श्यात वरचा तवंग असतो, तळणाचे तेल पुन्हा पुन्हा तापवलेले असते, वर मीठमसाला. भाताची शिते आणि पोळ्यांचे तुकडे यांतले पिष्ट जास्त झाले तरी माशाच्या अंगात त्याचीही चरबीच होते. शिवाय तेलाचा तवंग पाण्यावर पसरतो आणि हवेतला प्राणवायू पाण्यात मिसळायला अडथळा करतो. खाली पडलेले मांस कुजते, अमोनिया तयार होतो. फुकटचे खाद्य असे महागात पडते.

पंगस आणि चिलापी हे मासे असले खाणे रोहूपेक्षा बरे सोसतात, हे खरे. पण त्यांच्याही पोटात चरबी साठते, मांसाला वास येतो आणि गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही. आणि थाई मागूर हा कोंबडीच्या घाणीवर वाढवला जाणारा मासा तर आपल्या देशात बंदी असलेला आहे. त्याच्या नादी लागूच नका. बीज विकणारा काहीही नाव सांगेल, फसू नका.

चरबी चढली हे ओळखायचे कसे?

महिन्यातून एकदा फेकजाळे टाकून पंचवीस-तीस मासे काढा. वजन करा, वहीत लिहा. त्यातले दोन मासे घरी कालवणाला न्या आणि चिरताना जरा नीट बघा. पित्ताची हिरवी पिशवी फुटणार नाही याची काळजी घ्या, नाहीतर रंग कळणार नाही.

निरोगी माशाचे काळीज, म्हणजे यकृत, लालसर तपकिरी आणि घट्ट असते. चरबी चढली की ते पिवळट, फिके होते, बोटाने दाबले तर कुस्करते, हाताला तेलकट लागते. आतड्यांभोवती थोडी चरबी असणे वाईट नाही, थंडीसाठी मासा ती साठवतोच. पण चरबीत आतडी बुडाली असतील, शोधावी लागत असतील, तर समजा खाद्य चुकते आहे.

एक चूक मात्र करू नका. जून-जुलैत मोठ्या मादीचे पोट फुगलेले दिसले तर ती चरबी नसून गाबोळी असण्याचा संभव जास्त. आणि एका रात्रीत सगळे तळे उताणे झाले, तर दोष बहुधा प्राणवायूचा किंवा विषाचा असतो. चरबी तसे एका रात्रीत मारत नाही. ती माशाला आतून कमजोर करते. मग पहाटे प्राणवायू थोडा उतरला, जाळे ओढले, किंवा टेम्पोतून पुण्याला न्यायचे ठरले, की धडधाकट मासा तग धरतो आणि चरबी चढलेला आधी मरतो. रोगाशी झुंजायची ताकदही कमी होते. जखम चिघळते, बुरशी लागते. पैदाशीसाठी ठेवलेल्या माद्यांत जास्त चरबी असली तर अंडी नीट सुटत नाहीत.

बाजारातही फटका बसतो. पोटातली घाण काढून टाकल्यावर मांस किती उरते, हे घेणाऱ्याला कळते. चरबीचा मासा बर्फातही लवकर वास मारतो. व्यापारी एकदा फसतो, पुढच्या खेपेला भाव पाडूनच मागतो.

मग करायचे काय?

फार मोठे काही नाही. शिस्त हवी.

पहिली गोष्ट, खाद्य मोजून द्या. तळ्यात अंदाजे १००० मासे आहेत आणि सरासरी वजन अर्धा किलो आहे, तर एकूण वजन ५०० किलो. त्याच्या दोन टक्के म्हणजे रोज १० किलो खाद्य. सकाळी ऊन वर आल्यावर निम्मे आणि दुपारी निम्मे. बोटुकली लहान असताना प्रमाण पाच टक्क्यांपर्यंत, मासा मोठा झाला की दीड-दोन टक्के. दोन तासांनी पाटीत खाद्य उरले तर दुसऱ्या दिवशी कमी करा.

दुसरी गोष्ट, ऋतू बघा. पौष-माघात खाद्य निम्म्यावर आणा, फार गारठा असेल त्या दिवशी बंद ठेवा. श्रावणात चार दिवस सूर्य दिसला नाही तर पाण्यातले शेवाळ प्राणवायू तयार करू शकत नाही. अशा वेळी खाद्य म्हणजे संकटाला आमंत्रण. आठवड्यातून एक दिवस माशालाही उपास घडू द्या. मासा मरत नाही, उलट साठलेले वापरतो आणि तळही थोडे साफ करतो.

तिसरी गोष्ट, कोंडा तेल काढलेला वापरा. घरचाच कोंडा वापरायचा असेल तर ताजा वापरा, आणि त्याचे प्रमाण पाव भागापर्यंतच ठेवा. साठवायचा असेल तर गिरणीतून आणल्या दिवशीच मोठ्या कढईत चांगला गरम भाजून, थंड करून, हवाबंद पिंपात भरा. भाजल्याने ते तेल फोडणारे द्रव्य निकामी होते आणि कोंडा जास्त दिवस टिकतो. तरीही महिना-दीड महिन्यात संपवा.

चौथी गोष्ट, पेंड बुरशीची घेऊ नका. शेंगदाणा पेंडीवरच्या बुरशीचे विष थेट यकृतावर जाते. आधीच तेलाने थकलेल्या यकृताला ते सोसत नाही. पेंड जमिनीवर न रचता फळीवर रचा, भिंतीपासून दूर.

पाचवी गोष्ट, खाद्यात एक-दोन टक्के खनिज मिश्रण आणि 'ई' जीवनसत्त्व असलेले जीवनसत्त्वांचे मिश्रण घाला. कोलीन नावाचा घटक यकृतातली चरबी हलवायला मदत करतो, तो मिश्रणात आहे का, हे दुकानदाराला विचारा. पण औषध घालून चुकीचे खाद्य बरोबर होत नाही, हेही ध्यानात ठेवा. गवत्या असेल तर त्याला बांधावरचे कोवळे गवत कापून टाका. त्याचे खरे अन्न तेच.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांसाठी

गावतळ्याचा किंवा पाझर तलावाचा ठेका देताना आपण बोलीची रक्कम बघतो. करारात एक ओळ आणखी घाला: तळ्यात हॉटेलचे खरकटे आणि कोंबडीची घाण टाकता येणार नाही. त्या तळ्याच्या खाली विहिरी असतात, गुरे तिथेच पाणी पितात. ढाबेवाल्यांना आणि चिकनवाल्यांना त्यांचा कचरा कुठे जातो ते विचारा. थाई मागूर कोणी पाळत असल्याचे कळले तर मत्स्यव्यवसाय विभागाला कळवा. असला मासा पुराच्या पाण्याबरोबर ओढ्यातून मुळा-मुठेत गेला तर तिथले देशी मासे खाऊन संपवेल.

बचत गटांनी आणि मत्स्य संस्थांनी एकत्र येऊन तेल काढलेला कोंडा गाडीभर मागवला तर वाहतूक परवडते. एकट्यादुकट्याला दोन पोती आणणे महाग पडते, म्हणून तो घरचा कोंडा टाकतो. ग्रामसभेत हा विषय एकदा काढून बघा. अडचण बहुधा अज्ञानाची नसते, दोन पोत्यांच्या भाड्याची असते.

शेतकरी बंधूंनो, आपल्या आज्ज्या सांगायच्या की पोरगं गुटगुटीत दिसलं म्हणजे निरोगी असतंच असं नाही. माशाचेही तेच आहे. यंदा भात झोडून झाले की कोंड्याच्या पहिल्या पोत्याचा वास घ्या, गोणीवरचा दुसरा आकडा वाचा, आणि महिन्याला दोन मासे चिरून काळजाचा रंग बघा. एवढे केले तरी पुढच्या चैत्रात जाळे ओढताना टोपलीतला मासा उडी मारेल आणि तराजूचा काटा तुमच्या बाजूने झुकेल.